क्रिएटिनिन वाढले, पण कशाने? मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचे कारण रक्ततपासणीतून शोधताना

भातलावणीच्या दिवसांत गगनबावड्याकडून आलेल्या पन्नाशीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने माझ्या टेबलावर रक्ताचा रिपोर्ट ठेवला, तेव्हा त्यातल्या एकाच आकड्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती: क्रिएटिनिन ४.१. वडिलांना पाच दिवस ताप, डोळे पिवळे, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाऊल टाकवत नव्हते, आणि आदल्या दिवसापासून लघवी कमी झालेली. हे सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "किडनी गेली म्हणत्यात, डॉक्टरसाहेब. आता डायलिसिसच काय?" रिपोर्टच्या उरलेल्या दोन पानांवर आजाराचे नाव जवळजवळ लिहिलेले होते. त्या पानांकडे तोवर कोणी पाहिलेच नव्हते.

हा लेख त्या उरलेल्या पानांविषयी आहे. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; त्याची वाढ मूत्रपिंडाला इजा झाली एवढेच सांगते. ती कशाने झाली हे त्याच्या शेजारचे आकडे सांगतात, आणि ते ठरावीक क्रमाने वाचले तर बहुतेक रुग्णांत कारणाची दिशा पहिल्या काही तासांतच कळते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर आणि वॉर्डात रात्रपाळी करणारे निवासी डॉक्टर यांना समोर ठेवून मी हे लिहीत आहे. घरातल्या रुग्णाचा रिपोर्ट समजून घेऊ पाहणाऱ्या नातेवाइकांनीही ते वाचावे, मात्र उपचाराचा निर्णय त्यांनी रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांवरच सोडावा. पुढे क्रिएटिनिन, युरिया, बिलिरुबिन, युरिक अ‍ॅसिड, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत.

पहिली पायरी: वाढ खरी आहे का, आणि ताजी आहे का

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड-संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ किंवा त्याहून जास्त वाढले, किंवा सात दिवसांत ते मूळ पातळीच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती मूत्रपिंडाची तीव्र इजा समजावी. मूळ पातळीच्या दुप्पट वाढ म्हणजे दुसरा टप्पा. तिप्पट वाढ किंवा ४ च्या वर गेलेला आकडा म्हणजे तिसरा टप्पा.

या व्याख्येतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'मूळ पातळी' हा आहे, आणि ती पातळी नातेवाइकांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. मोतीबिंदूचे ऑपरेशन, बाळंतपण, मधुमेहाची तपासणी, विम्यासाठी केलेली तपासणी, यांपैकी कशासाठी तरी काढलेला जुना रिपोर्ट बहुतेक घरांत सापडतो. "किडनीचा जुना रिपोर्ट आहे का?" असे विचारले की "नाही" हेच उत्तर येते, "घरातली रिपोर्टांची सगळी पिशवी घेऊन या" असे सांगितले की तो निघतो. जुना रिपोर्ट मिळालाच नाही, तर सोनोग्राफीत मूत्रपिंडे लहान व आकसलेली दिसतात का ते पाहावे. मात्र मधुमेहात जुना आजार असूनही त्यांचा आकार नेहमीएवढा राहू शकतो. कमी हिमोग्लोबिन आणि वाढलेला फॉस्फरस यांवरून आजार जुना ठरवू नये, कारण तीव्र इजेतही थोड्याच दिवसांत हे दोन्ही आकडे तसेच दिसू लागतात.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, म्हणून ज्याच्या अंगावर जितका स्नायू तितका त्याचा नेहमीचा आकडा मोठा. तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाचे क्रिएटिनिन १.३ किंवा १.४ निघाले म्हणून त्याला घाबरवण्याचे कारण नाही. तो क्रिएटिनची पावडर घेतो का, आणि रक्त देण्याआधी त्याने भरपेट मटण खाल्ले होते का, हे विचारावे, कारण शिजलेल्या मांसातून आलेले क्रिएटिनिन काही तास रक्तातला आकडा वाढवते. कोल्हापुरात हा प्रश्न विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचायला घेऊ नये, असे मी गंभीरपणे म्हणेन. उलट टोकाला चाळीस किलो वजनाची सत्तरीची आजी असते. तिची मूळ पातळी ०.५ असेल, तर लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणून छापलेला १.० हा आकडा तिच्या बाबतीत दुप्पट वाढ आहे आणि थेट दुसऱ्या टप्प्यात मोडतो. गरोदर स्त्रीचेही असेच: गरोदरपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली गेलेले असते, त्यामुळे तिच्या रिपोर्टवर १.० दिसले तरी सावध व्हावे.

मूत्रपिंडाला काहीही झालेले नसताना आकडा बदलतो, तो मुख्यतः औषधांमुळे आणि चाचणीच्या पद्धतीमुळे. ट्रायमेथोप्रिम आणि सिमेटिडिन या औषधांनी क्रिएटिनिनचे नलिकांतून बाहेर पडणे अडते व आकडा थोडा चढतो. तेव्हा युरिया चढत नाही, ही त्याची खूण. क्रिएटिनिन मोजायला अनेक लॅबमध्ये अजून जाफे ही जुनी रासायनिक पद्धत वापरतात. तिच्यात किटोन्समुळे आकडा खोटा वाढू शकतो आणि खूप वाढलेल्या बिलिरुबिनमुळे खोटा घटू शकतो. कावीळ असलेल्या किंवा मधुमेही किटोअ‍ॅसिडोसिसच्या रुग्णात शंका आली, तर एन्झायमॅटिक पद्धतीने पुन्हा तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. मूत्रपिंडाचे काम आज सकाळी पूर्ण थांबले, तरी क्रिएटिनिन त्याच सकाळी उडी मारत नाही. ते साचत जायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचा १.६ हा आकडा सौम्य इजेचा असेल किंवा नुकत्याच सुरू झालेल्या भयंकर इजेचाही असेल. रिपोर्टच्या तळाशी छापून येणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, हा पातळी स्थिर असलेल्या माणसासाठी काढलेला हिशेब आहे. आकडा रोज बदलत असताना त्याला काही अर्थ नसतो, आणि त्यावरून औषधांचे डोस ठरवणे धोक्याचे आहे.

दुसरी पायरी: कारण शोधण्याआधी पोटॅशियम

रुग्णाचा जीव जातो तो बहुधा पोटॅशियमने. पोटॅशियम ६ (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या वर असेल, किंवा ईसीजीत उंच टोकदार टी लहरी अथवा रुंद झालेले क्यूआरएस दिसत असेल, तर कारणाचा शोध थांबवून आधी त्याचा उपचार करावा. रक्तातल्या आम्लाचा अंदाज घेण्यासाठी बायकार्बोनेटही त्याच वेळी पाहावे.

आकडा वाढलेला आहे पण ईसीजी स्वच्छ आहे, अशा वेळी नमुना कसा आला हे विचारावे. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधून आणि रुग्णाला मूठ पुन्हा पुन्हा आवळायला लावून काढलेल्या रक्तात, किंवा ओढताना पेशी फुटून लालसर झालेल्या सीरममध्ये, पोटॅशियम खोटे वाढते. आपल्या भागात त्यात वाहतुकीची भर पडते. चंदगड किंवा शाहूवाडीकडच्या गावात सकाळी काढलेले रक्त सीरम वेगळे न करता बर्फाच्या डब्यात ठेवले आणि दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोहोचले, तर थंडीने पेशींचा पंप मंदावून आतले पोटॅशियम बाहेर झिरपलेले असते. नमुना पाठवायचाच असेल, तर सीरम वेगळे करून पाठवावे.

इथेच एक खूण टिपून ठेवावी. क्रिएटिनिन चारच्या घरात आणि पोटॅशियम मात्र ३.१, हे मूत्रपिंडाच्या बिघाडात सहसा दिसत नाही. जुलाब-उलट्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांखेरीज असे चित्र ज्या आजारात वारंवार दिसते, तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग. गगनबावड्याच्या त्या शेतकऱ्याचे पोटॅशियम ३.१ होते.

तिसरी पायरी: जे रक्तात दिसत नाही ते

वाढलेल्या प्रोस्टेटने किंवा खड्याने मार्ग अडला असेल, तर रक्ताची कोणतीही चाचणी ते खात्रीने सांगत नाही. म्हणून सोनोग्राफी आणि साधी लघवीची तपासणी पहिल्या दिवशीच व्हावी. लघवीचा नमुना लघवी वाढवणारे इंजेक्शन देण्याआधी आणि शक्यतो सलाइनच्या बाटल्या चढवण्याआधी घेऊन ठेवावा, कारण नंतर घेतलेल्या नमुन्यावरून सोडियमचा हिशेब भरवशाने करता येत नाही. रक्ताच्या पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ याच नमुन्यावर ठरणार आहे: लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर रक्त व प्रथिने दिसली तर एक वाट, पट्टीवर रक्त दिसूनही सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नसल्या तर दुसरी, आणि काहीच विशेष नसले तर तिसरी.

चौथी पायरी: युरिया आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर, आणि त्यातली एक जुनी चूक

शरीरातले पाणी कमी झाले, रक्तदाब पडला, की मूत्रपिंड पाणी वाचवू लागते, आणि पाण्याबरोबर युरियाही परत रक्तात ओढला जातो. क्रिएटिनिन मात्र तसे परत येत नाही. म्हणून रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेल्या इजेत युरिया क्रिएटिनिनच्या मानाने जास्त चढतो. पाठ्यपुस्तकात हे गुणोत्तर वीसपेक्षा जास्त असे दिलेले असते.

ते वीस बीयूएनचे आहेत, युरियाचे नव्हेत. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचे वजन, आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅब रिपोर्टवर पूर्ण युरिया छापतात, जो बीयूएनच्या २.१४ पट असतो. निवासी डॉक्टर असताना मी हीच चूक केली. युरिया ९६, क्रिएटिनिन ३.२, भागाकार तीस आला. तीस म्हणजे वीसपेक्षा जास्त, म्हणजे पाणी कमी पडले आहे, असे समजून मी सलाइन लावत राहिलो आणि पहाटे रुग्णाच्या छातीत पाणी झाले. ९६ ला २.१४ ने भागले असते तर बीयूएन ४५ आला असता आणि गुणोत्तर चौदा, म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकांनाच इजा झाल्याचे सुचवणारे. रुग्ण वाचला, पण तो भागाकार तेव्हापासून मी प्रत्येक वेळी कागदावर मांडून करतो. ज्यांना दर वेळी भागाकार नको, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की रिपोर्टवर 'युरिया' असेल, तर सीमा वीसची नसून साधारण चाळीसची आहे.

हे गुणोत्तरही एकट्याने साक्ष देण्याइतके भरवशाचे नाही. पोटात रक्तस्राव होत असेल, रुग्ण स्टेरॉइडवर असेल, किंवा मोठ्या जंतुसंसर्गात शरीराची प्रथिने वेगाने मोडत असतील, तर पाणी पुरेसे असूनही युरिया चढतो. यकृताचा आजार किंवा दीर्घ उपासमार असेल, तर पाणी कमी असूनही युरिया चढत नाही. म्हणून आधी बाजूला ठेवलेल्या लघवीच्या नमुन्यातून सोडियमचा हिशेब करावा: लघवीतले सोडियम गुणिले रक्तातले क्रिएटिनिन, भागिले रक्तातले सोडियम गुणिले लघवीतले क्रिएटिनिन, आणि त्याला शंभरने गुणावे. उत्तर १ पेक्षा कमी आले तर मूत्रपिंड अजून मीठ धरून ठेवू शकते, म्हणजे नलिका शाबूत आहेत; २ पेक्षा जास्त आले तर नलिकांना इजा झाली आहे. लघवी वाढवणारी औषधे आधीच दिलेली असतील, तर याच पद्धतीने युरियाचा हिशेब करावा, आणि तो ३५ पेक्षा कमी आला तर रक्तपुरवठा कमी असल्याचे समजावे. ग्लोमेरुलसच्या (मूत्रपिंडातल्या गाळणीच्या) सुजेच्या सुरुवातीला आणि स्नायू फुटून झालेल्या इजेतही सोडियमचा आकडा १ च्या खाली राहू शकतो, हे विसरू नये.

पाचवी पायरी: सीबीसी, आणि त्यातही प्लेटलेट

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी म्हणजे सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. क्रिएटिनिन वाढलेले आणि प्लेटलेट कमी, अशी जोडी दिसली की शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते: पावसाळी ताप, जंतुसंसर्गाने सर्व शरीराला झालेली बाधा, सर्पदंश, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचे आजार, आणि गरोदर स्त्रीत रक्तदाबाशी निगडित हेल्प सिंड्रोम.

यांतला पुढचा फाटा पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या चाचण्यांनी पडतो. प्लेटलेट कमी आणि गोठण्याची वेळही लांबलेली, तर जंतुसंसर्ग किंवा सर्पविष. प्लेटलेट कमी पण गोठण्याची वेळ जवळजवळ नॉर्मल, शिवाय हिमोग्लोबिन घसरत चाललेले, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सुटणारे एन्झाइम) खूप वाढलेले, हॅप्टोग्लोबिन कमी आणि स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) तुटक्या, शिरस्त्राणाच्या आकाराच्या लाल पेशी, तर तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या, टीटीपी किंवा एचयूएस या गटातला आजार समजावा. मशिनच्या रिपोर्टवर या तुटक्या पेशी दिसत नाहीत. स्मिअर माणसाने डोळ्यांनी पाहावा लागतो, म्हणून पॅथॉलॉजिस्टना फोन करून तसे सांगावे. अ‍ॅडॅम्ट्स-१३ या एन्झाइमची तपासणी पाठवायची असेल, तर तिचे रक्त प्लाझ्मा देण्याआधी काढावे, आणि तिची क्रियाशीलता १० टक्क्यांच्या खाली असली तर टीटीपीचे निदान पक्के होते. निकालाला वेळ लागतो, आणि तोवर उपचार थांबवायचे नसतात.

सर्पदंशाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण उसाच्या फडात आणि भाताच्या बांधावर घोणस चावून मूत्रपिंडाची इजा होणारी माणसे धडधाकट, तरुण आणि घर चालवणारी असतात. इथली सर्वांत उपयोगी रक्ततपासणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यावे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवावी, आणि मग एकदाच तिरकी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. सर्पविषविरोधी लस दिल्यावर साधारण सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा करतात.

मात्र रक्त गोठू लागले म्हणजे मूत्रपिंडाची काळजी संपली, असे नाही. गोठण्याची वेळ सुधारल्यावर पुढच्या काही दिवसांत प्लेटलेट पुन्हा पडत असतील, हिमोग्लोबिन उतरत असेल, स्मिअरवर तुटक्या पेशी दिसत असतील आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल, तर विषाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा केली आहे. म्हणून घोणस चावलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून घरी सोडू नये. पुढचे काही दिवस रोज सीबीसी आणि क्रिएटिनिन पाहावे आणि लघवी मोजावी.

सीबीसीतल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या, तर औषधाच्या अ‍ॅलर्जीतून झालेली मूत्रपिंडाची सूज आठवावी. त्या वाढलेल्या नसल्या तरी ती शंका सोडू नये, कारण वेदनाशामक गोळ्यांनी झालेल्या सुजेत त्या बहुधा वाढतच नाहीत.

सहावी पायरी: बिलिरुबिन, सीपीके आणि कॅल्शियम यांची एकत्र मांडणी

आता त्या शेतकऱ्याच्या रिपोर्टची उरलेली दोन पाने. प्लेटलेट ६२ हजार. पांढऱ्या पेशी १४,८०० आणि त्यांत न्यूट्रोफिल ८६ टक्के. एकूण बिलिरुबिन ११.४, त्यातले थेट ८.९. एसजीओटी ११२, एसजीपीटी ८४. सीपीके (स्नायूंतले एन्झाइम) १,२६०. पोटॅशियम ३.१. बिलिरुबिन अकराच्या वर आणि यकृताची एन्झाइम्स मात्र जेमतेम शंभराच्या आसपास, हे विषाणूजन्य काविळीत सहसा होत नाही. तिथे एन्झाइम्स हजारांत जातात. पिवळेपणा जास्त, एन्झाइम्स थोडी, सीपीके वाढलेले, प्लेटलेट कमी आणि पोटॅशियम खाली, हे पाचही आकडे एकत्र आले आणि रुग्ण चार दिवसांपूर्वीपर्यंत गुडघाभर चिखलात रोप लावत होता हे कळले, की लेप्टोस्पायरोसिस गृहीत धरून अँटिबायोटिक त्याच तासाला सुरू करावे. त्याची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत खोटी नकारात्मक येऊ शकते. त्या काळात रक्तात जंतूचे जनुकीय अंश शोधणारी पीसीआर अधिक कामाची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा पुरानंतरच्या आठवड्यांत पाणी किंवा चिखल तुडवून आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

याच चित्राच्या जवळपास फिरणारे आजार वेगळे करायला वेळ लागत नाही. फाल्सिपॅरम मलेरियात बिलिरुबिनचा अप्रत्यक्ष भाग जास्त असतो, हिमोग्लोबिन पडते, आणि स्मिअर किंवा रॅपिड टेस्टने उत्तर मिळते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात आणि रक्त घट्ट होऊन हिमॅटोक्रिट चढते. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली शोधावी, कारण ती खपली दिसली की रक्ताच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. डॉक्सीसायक्लिन या आजाराला आणि लेप्टोस्पायरोसिसलाही लागू पडते, हे तालुक्याच्या ठिकाणी फार उपयोगाचे आहे.

सीपीके १,२६० नसून ४०,००० असते, तर गोष्ट वेगळी होती. सीपीके ५,००० च्या वर गेले की स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिनने मूत्रपिंड बिघडण्याचा धोका खरा होतो. अपघातात चेंगरलेला रुग्ण, फिट्स आलेला रुग्ण, सवय नसताना एका दिवसात हजार बैठका मारलेला मुलगा, भर उन्हात ऊस तोडताना कोसळलेला मजूर, आणि केसांचा कलप प्यायलेली व्यक्ती, हे सगळे याच वाटेने येतात. लघवी काळसर लाल, पट्टीवर रक्त भरपूर, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत. रक्तात पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेले, कॅल्शियम कमी. एसजीओटी हे एसजीपीटीच्या कितीतरी पुढे. शेवटचा आकडा पाहून अनेकदा 'लिव्हर सुजले' असा शेरा मारला जातो, पण ती एन्झाइम्स स्नायूंतली असतात. सीपीके साधारण दीड दिवसात निम्मे होते, त्यामुळे पाच-सहा दिवसांनी आलेल्या रुग्णात ते बरेच उतरलेले दिसू शकते. त्या वेळी हकिकतच विचारात घ्यावी. आणि कमी झालेले कॅल्शियम, त्रास होत नसेल आणि पोटॅशियमचा धोका नसेल तर, भरून काढू नये. बरे होताना ते आपोआप चढते आणि कधी कधी मर्यादेबाहेर जाते.

याउलट इजेबरोबर कॅल्शियम वाढलेले असेल, तर तो आकडा सोन्याचा समजावा, कारण मूत्रपिंड बिघडले की कॅल्शियम सहसा कमी होते. इथे दोन कारणे आधी पाहावीत. पहिले, हाडदुखीसाठी पुन्हा पुन्हा घेतलेली व्हिटॅमिन डी ची सहा-सहा लाख युनिटची इंजेक्शने. यात पॅराथायरॉइड हार्मोन दबलेले आणि व्हिटॅमिन डी ची पातळी १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलेली असते. रुग्ण हे स्वतः सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती 'ताकदीची सुई' असते. दुसरे कारण मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. साठीचा माणूस, महिनोन्‌महिने पाठदुखी, त्यावर वेदनाशामक गोळ्या, हिमोग्लोबिन आठ, ईएसआर शंभराच्या वर: अशा वेळी एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करावे. उत्तर ४ ग्रॅमच्या वर आले तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या मायलोमाची प्रथिने शोधणाऱ्या चाचण्या पाठवाव्यात. मूत्रपिंड बिघडलेले असताना फ्री लाइट चेनमधले कप्पा-लॅम्डा गुणोत्तर ३.१ पर्यंत नॉर्मल धरतात, एवढे लॅबची छापील मर्यादा वाचताना लक्षात असावे.

युरिक अ‍ॅसिड, फॉस्फरस आणि पोटॅशियम वाढलेले, पण सीपीके साधे आणि एलडीएच खूप जास्त असेल, तर रक्ताच्या कर्करोगात पेशी वेगाने मरत असल्याची शंका घ्यावी.

सातवी पायरी: लघवीने सांगितले तरच

सी३, सी४ (रोगप्रतिकारक प्रथिने) आणि एएनए, अँका, अँटी-जीबीएम (स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे) ही महागडी यादी प्रत्येक रुग्णाला लिहून देणे मला मान्य नाही. लघवीत लाल पेशी, त्यांचे कास्ट (नलिकांच्या साच्यात जमलेले तुकडे) किंवा बरीच प्रथिने असतील तरच ती लिहावी, पण तेव्हा उद्यावर ढकलू नये, कारण अँका किंवा अँटी-जीबीएमने होणाऱ्या सुजेत काही दिवसांत मूत्रपिंड कायमचे जाऊ शकते. वाचनाचा क्रम साधा आहे. सी३ कमी आणि सी४ नॉर्मल असेल, तर घसा किंवा त्वचेच्या संसर्गानंतरची सूज. लहान मुलांत चिघळलेल्या खरजेनंतर ती हमखास आठवावी. त्वचेच्या संसर्गानंतर एएसओ फारसा वाढत नाही. तिथे अँटी-डीएनएज बी जास्त उपयोगी. हा सी३ सहा ते आठ आठवड्यांत नॉर्मलला यायला हवा. आला नाही तर निदान बदलावे लागते. सी३ आणि सी४ दोन्ही कमी असतील, तर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. दोन्ही नॉर्मल असतील, तर आयजीए नेफ्रोपथी, अँका किंवा अँटी-जीबीएम. खोकल्यातून रक्त पडत असेल, तर निकालाची वाट न पाहता रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे हलवावे.

नव्या चाचण्यांविषयी थोडक्यात. सिस्टॅटिन सी स्नायूंवर अवलंबून नसते, म्हणून पैलवानाचा किंवा खंगलेल्या वृद्धाचा प्रश्न तिने सुटतो. थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड आणि शरीरातली सूज यांनी ती बदलते. एनगॅल हे प्रथिन इजेनंतर काही तासांतच वाढते आणि क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते, पण कारण सांगत नाही. प्रोकॅल्सिटोनिन मूत्रपिंड बिघडले की थोडे वाढतेच, त्यामुळे किंचित वाढीवरून जंतुसंसर्ग ठरवू नये. ज्या रुग्णाच्या घरच्यांना मोजक्याच चाचण्यांचे पैसे परवडणार असतील, त्याला मी सीपीके, एलडीएच आणि स्मिअर आधी सांगेन.

शेवटची पायरी: पुन्हा रक्त, आणि सोबतची चिठ्ठी

एका दिवसाचा आकडा कारण पक्के करत नाही. पाणी कमी पडल्याचा अंदाज बरोबर असेल, तर योग्य प्रमाणात सलाइन दिल्यावर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन उतरले पाहिजे. उतरले नाही तर पहिल्या पायरीपासून सगळे पुन्हा पाहावे. सुरुवातीला रोज क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सीबीसी, आणि दर वेळी नोंदीत तारखेबरोबर वेळही लिहावी.

रुग्णाला कोल्हापुरात मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर 'एकेआय (मूत्रपिंडाची तीव्र इजा), पुढील उपचारासाठी' एवढेच लिहू नये. जुने क्रिएटिनिन किती आणि केव्हाचे. पहिले रक्त किती वाजता काढले. त्याआधी किती सलाइन आणि कोणती औषधे गेली. वीस मिनिटांच्या नळीचा निकाल. गेल्या चोवीस तासांची लघवी. आणि दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्यांची नावे, एवढे सहा मुद्दे असावेत. शक्य असेल तर सलाइनपूर्वीचा लघवीचा नमुनाही वेळ लिहून सोबत द्यावा.

गगनबावड्याच्या त्या शेतकऱ्याला डायलिसिस लागले नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याची लघवी इतकी वाढली की पोटॅशियम पुन्हा पडू नये म्हणून दिवसातून दोनदा तपासावे लागले, आणि नवव्या दिवशी तो १.७ वर घरी गेला. त्याच्या कार्डावर आम्ही तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली, कारण क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तेव्हा पुन्हा पाहिल्याशिवाय मूत्रपिंड पूर्ण सावरले की आजार मागे राहिला, हे सांगता येत नाही. भाताची कापणी संपल्यावर तो आला. तेव्हाचा आकडा १.० होता, आणि तो रिपोर्ट मुलाने आमच्यासमोरच घरच्या पिशवीत घातला.